लाइट गेली की ऐका

लाइट गेली की आपण काय करतो? आधी एक शिवी हासडतो, मग मोबाइलची बॅटरी किती टक्के उरलीय ते बघतो. गेल्या उन्हाळ्यात जुन्नर तालुक्यातल्या एका गावी, मित्राच्या गच्चीवर, आम्ही तिघं नेमकं उलटं करत होतो. लाइट जायची वाट बघत होतो.

समोर मोडक्या बाजेच्या लाकडांची एक चौकट उभी केली होती. साधारण मीटरभर लांब, मीटरभर रुंद. तिच्यावर तांब्याच्या इनॅमल तारेचे पन्नास वेढे. तार गावातल्याच मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली, वजनावर. तारेची दोन टोकं दोन ट्रान्झिस्टरच्या एका छोट्या प्रीअँपला आणि तिथून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात. कानाला हेडफोन. आणि हेडफोनमध्ये काय? घूंऽऽऽ. नुसती घरघर. पन्नास हर्ट्झची, तिच्या पोराबाळांसकट : शंभर, दीडशे, दोनशे हर्ट्झ, जितकं वर जाल तितकी. शेजारच्या विहिरीवरची मोटार, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, घरोघरचे एलईडी बल्ब, चार्जर, सगळे एका सुरात.

साडेनऊला फीडर गेला. गाव काळंभोर झालं आणि हेडफोनमधली घरघर अचानक कापल्यासारखी थांबली. मग तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज सुरू झाला. तड, तडतड, तड. आभाळात चांदण्या होत्या, ढगाचा पत्ता नव्हता. तरी ती वीजच होती. कुठे तरी शेकडो किलोमीटर लांब, कर्नाटकात म्हणा, आंध्रात म्हणा, वळवाचं वादळ चाललं होतं आणि त्याची प्रत्येक वीज आमच्या बाजेपर्यंत पोचत होती. मित्राची आई वर आली. म्हणाली, ‘‘सापडलं का रे काही?’’ त्यानं हेडफोन काढून तिच्या कानाला लावले. काकूंनी मिनिटभर ऐकलं आणि विचारलं, ‘‘हे रोजच असतं?’’

हो काकू, रोजच असतं. आपल्याला ऐकू येत नाही, कारण आपला गोंगाट जास्त आहे.

आता हे काय प्रकरण आहे ते सांगतो. तुम्ही एफएम ऐकता ते शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथं लहरीची लांबी तीन मीटर. आकाशवाणीचं मीडियम वेव्ह काहीशे मीटर. त्याच्या खूप खाली, ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्याला म्हणतात व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी फ्रीक्वेन्सी. इथं एकेक लहर १० ते १०० किलोमीटर लांब. पुणे-लोणावळा अंतर एका लहरीत बसेल अशी. गंमत म्हणजे ही फ्रीक्वेन्सी आपल्या कानाच्या टप्प्यातली आहे. पण हा ध्वनी नव्हे, रेडिओलहर आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. तार तिला पकडते, तिचं विजेच्या थरथराटात रूपांतर होतं आणि हेडफोन तोच थरथराट जसाच्या तसा कानाला देतो. ट्यूनर नाही, डिटेक्टर नाही. रेडिओ म्हणून याहून साधं यंत्र शोधून सापडायचं नाही.

एवढ्या लांबलचक लहरी जमीन आणि आयनांबर यांच्या मधल्या साठ-नव्वद किलोमीटरच्या फटीत सापडतात आणि बोगद्यातून जावं तशा हजारो किलोमीटर जातात. रात्री तडतडीच्या मध्येच ‘ट्यूंग’ असा आवाज येतो. त्याला ट्वीक म्हणतात. या बोगद्याला साधारण पावणेदोन किलोहर्ट्झच्या खालच्या लहरी नीट मानवत नाहीत. त्या मर्यादेजवळच्या लहरी रेंगाळतात, मागून येतात आणि सरळ ‘तड’चा ताणलेला ‘ट्यूंग’ होतो. म्हणजे कानानं ऐकता ऐकता तुम्ही आयनांबराची उंची मोजताय. थर्ड सेमच्या वेव्हगाइडच्या धड्यातली कट-ऑफ फ्रीक्वेन्सी आठवते? व्हायवाला घोकलेली? ती ही.

शिट्ट्या अजून दुर्मीळ. पहिल्या महायुद्धात बार्कहाउझेन हा जर्मन शास्त्रज्ञ शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना वरून खाली घसरत जाणाऱ्या शिट्ट्या ऐकून चक्रावला होता. १९५३ मध्ये स्टोरी या इंग्रज संशोधकानं उलगडा केला : विजेचा तो ठोका पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून अवकाशात जातो, दुसऱ्या गोलार्धात उतरतो आणि वाटेत त्यातले वरचे सूर पुढे, खालचे मागे पडतात. आपण विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे महाराष्ट्रात शिट्टी मिळणं नशिबाचं काम. आम्हाला मिळाली नाही.

ऐकणं एवढं सोपं, तर पाठवणं? खरं वेड इथून सुरू होतं.

हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅम मंडळींची, एक जुनी खोड आहे. जिथं ‘तिथं काही होणार नाही’ असं सांगितलं जातं तिथंच ते जातात. शंभर वर्षांपूर्वी त्यांना निरुपयोगी समजून २०० मीटरखालच्या लहरी दिल्या होत्या, आणि त्याच लहरींवर त्यांनी अटलांटिक ओलांडून दाखवला. आता काही जण दुसऱ्या टोकाला गेलेत, ९ किलोहर्ट्झच्या खाली. आंतरराष्ट्रीय वाटपाचा तक्ता बरीच वर्षं ९ किलोहर्ट्झपासून सुरू होत होता. त्याच्या खाली कुणाचीच मालकी नाही, म्हणून युरोपातल्या हौशींनी तिथं तंबू ठोकला. या पट्ट्याचं त्यांनी ठेवलेलं लाडकं नाव ‘ड्रीमर्स बँड’. स्वप्नाळूंचा पट्टा म्हणू या.

स्वप्नाळू का, ते आकड्यांतच दिसतं. ८.२७ किलोहर्ट्झ घ्या. लहर सुमारे ३६ किलोमीटर. चांगल्या उभ्या अँटेनाची उंची असते लहरीच्या पाव हिस्सा, म्हणजे ९ किलोमीटर. एव्हरेस्टपेक्षा थोडी जास्तच. तुमच्याकडे परसात एक खांब आणि त्यावर ताणलेल्या तारा, परिणामकारक उंची धरा १० मीटर. आता पुस्तकातलं सूत्र लावा. या अँटेनाचा प्रारण-रोध येतो सुमारे एक दशसहस्रांश ओहम. जमिनीतला आणि कॉइलमधला तोटा मात्र शेकडो ओहम. अँटेनात एक अख्खा अँपिअर ढकललात, तरी आकाशात जाणार सुमारे ०.१२ मिलिवॉट. बाकी सगळी शक्ती जमीन तापवायला.

आणि तो एक अँपिअर सहज जात नाही. एवढी आखूड तार म्हणजे नुसता कपॅसिटर. समजा ५०० पिकोफॅरड. तिच्याशी जुळवायला कॉइल लागते सुमारे पाऊण हेन्रीची. पाऊण हेन्री! आपल्या लॅबमध्ये मायक्रोहेन्रीच्या कॉइली चिमटीत धरतो. ही मंडळी ड्रेनेजचे पाइप, प्लास्टिकच्या बादल्या, पिंपं घेऊन त्यांच्यावर किलोमीटर-किलोमीटर तार गुंडाळतात. वर त्या एका अँपिअरला अँटेनावर ३८ हजार व्होल्ट उभे राहतात. काळोखात तारेच्या टोकांना निळसर ज्योती दिसतात. दिसायला सुंदर, पण माणूस मारायला पुरेशा.

२०१० मध्ये हायडेलबर्गच्या एका जर्मन हौशीनं खांबाचा नाद सोडला आणि पतंग उडवला. दोरीबरोबर सुमारे ३०० मीटर तार वर गेली. ८.९७ किलोहर्ट्झवर त्यानं नुसती एक सरळ लहर सोडली, ना बोल, ना गाणं. ती इतर देशांतल्या हौशींनी आपापल्या लॅपटॉपवर एक पुसट रेघ म्हणून पाहिली. रेघ! तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाहून एका हौशीनं पाठवलेला असाच संकेत इंग्लंडमध्ये पकडला गेला. प्रत्यक्ष प्रारित शक्ती एका वॉटच्या हजाराव्या भागाहूनही कमी. हातघड्याळाचा सेल जेमतेम पुरवेल एवढी.

हे जमतं कसं? घाई न करून. गोंगाट हा पट्ट्याच्या रुंदीच्या प्रमाणात येतो. तुम्ही ऐकण्याची खिडकी जितकी अरुंद कराल तितका गोंगाट कमी आणि खिडकी अरुंद केली की संकेत सावकाश जायला हवा. मोर्सचा एक टिंब एक-एक मिनिट लांब पाठवायचा. किंवा जीपीएसच्या घड्याळाला दोन्ही टोकं बांधून घ्यायची, तासन्‌तास तेच ते पाठवायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. संकेत बेरजेत वाढत जातो, गोंगाट आपापसात भांडून कमी होतो. चार-सहा अक्षरांच्या निरोपाला अख्खी रात्र. आपल्या फाइव्ह-जीच्या जाहिरातींच्या बरोबर विरुद्ध दिशेला चाललेलं हे इंजिनीअरिंग आहे, आणि गणित मात्र तेच, शॅननचं.

एरवी हा पट्टा धनदांडग्यांचा. स्वीडनमधल्या ग्रिमेटन इथं १९२० च्या दशकातलं एक केंद्र अजून चालू स्थितीत आहे. १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे, दोन किलोमीटरहून लांब तारा आणि व्हॉल्व्ह नाही की ट्रान्झिस्टर नाही, नुसतं एक अजस्र फिरणारं जनित्र, जे सरळ १७.२ किलोहर्ट्झची वीजच तयार करतं. अलेक्झांडरसन या इंजिनीअरची ती करामत. २००४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. वर्षातून दोनेकदा, जुलैच्या सुरुवातीला आणि २४ डिसेंबरला, ते यंत्र फिरवून मोर्समध्ये निरोप पाठवतात आणि जगभरचे हौशी तो घरगुती वेटोळ्यांवर ऐकतात.

आपल्याकडेही आहे बरं का. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन. समुद्राच्या पाण्यात इतर रेडिओलहरी पृष्ठभागाशीच मरतात, व्हीएलएफ मात्र काही मीटर खोल उतरते. म्हणून पाणबुड्यांशी बोलायला ही केंद्रं. कट्टबोम्मनचं प्रक्षेपण १८.२ किलोहर्ट्झवर असतं, हे जगभरच्या हौशींना पाठ आहे. काय बोलतात ते कळणार नाही, ते सांकेतिक असतं आणि कळायची गरजही नाही. आम्हाला हवा होता तो त्याचा जोर.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी, गावात लाइट परत आलेली असताना, आम्ही तीच बाज दक्षिण-आग्नेयेला कड करून उभी केली आणि लॅपटॉपवर १८.२ किलोहर्ट्झला एक स्वच्छ रेघ उमटली. बाराशे किलोमीटरवरून. बाज नव्वद अंशात फिरवली, रेघ पुसली गेली. परत फिरवली, परत आली. १९.८ ला अजून एक रेघ होती, ती ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एक्समथची. हिंदी महासागर ओलांडून आलेली, बाजेवर.

आता हे रोज नोंदवलंत तर? सूर्यावर भडका उडाला की त्याचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात, आयनांबराचा खालचा थर एकदम बदलतो आणि या रेघेचा जोर चढतो किंवा पडतो. ढग असोत, पाऊस असो, तुमच्या गच्चीवरून सूर्याचा भडका दिसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठानं नेमक्या याच कामासाठी छोटे रिसीव्हर बनवून जगभरच्या शाळा-कॉलेजांना दिले. त्याचा अँटेनासुद्धा लाकडी चौकटीवरची तारच.

इथं मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

फायनल इयरचा प्रोजेक्ट कुठून येतो, हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बाकी शहरांत त्यांचे धाकटे भाऊ. ‘स्मार्ट डस्टबिन’, ‘ऑटोमॅटिक इरिगेशन’, ‘अंधांसाठी काठी’. रिपोर्टसकट, पीपीटीसकट तयार. दरवर्षी तेच डस्टबिन दरवर्षी स्मार्ट होतं. तुम्हाला आळशी म्हणून मी मोकळा होणार नाही. दोष पद्धतीचा जास्त आहे. आपल्या कॉलेजात प्रोजेक्टला मार्क मिळतात ते ‘आउटपुट आलं’ यासाठी. व्हायवाच्या दिवशी एलईडी पेटला पाहिजे. मग कोण शहाणा असा प्रयोग हातात घेईल, ज्याचं आउटपुट तीन महिने नुसती घरघर असेल? रेघ दिसली नाही तर का दिसली नाही, कोणत्या चार्जरनं घात केला, जमीन किती वाईट होती, हे शोधण्यात जे शिकायला मिळतं त्याला मार्कशीटमध्ये रकाना नाही. तो रकाना विद्यापीठांनी द्यायला हवा. ‘काय मिळालं’ इतकंच ‘काय नाही मिळालं आणि का’ याला मार्क. जर्नलमध्ये रीडिंग मागून भरायची सवय सुटण्याचा मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

आणि ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न गाइड विचारणारच, तेव्हा त्यांना गुहेची गोष्ट सांगा. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते. आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसं पाणी उपसण्याच्या सल्ल्याला तिथं गेली होती, ते वाचलं असेल. गुहेत मोबाइल नाही, वॉकीटॉकी नाही, कारण खडक सगळं गिळतो. तिथं ब्रिटिश गुहा-बचाव मंडळींकडचे ‘हेफोन’ नेले गेले. ८७ किलोहर्ट्झवर चालणारे, म्हणजे आपल्या पट्ट्याच्या थोडे वर. त्यांचा अँटेना काय? जमिनीत ठोकलेल्या दोन खुंट्या आणि मधली तार. लहर खडकातूनच जाते. हे यंत्र एका इंग्रज हॅमनं डिझाइन केलं होतं, हौसेपोटी. खुंट्या ठोकून जमिनीतून बोलायचा खेळ हौशी लोक कित्येक दशकं खेळत होते, तेव्हाही कुणी तरी उपयोग विचारलाच असेल.

दुसरी गोष्ट घरची आहे. आपल्या राज्यात, मराठवाड्यात, विदर्भात, दर उन्हाळ्याच्या शेवटी वीज पडून शेतात माणसं मरतात. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप वीज कुठे पडतेय ते दाखवतं. ते कसं? ठिकठिकाणच्या सेन्सरवर विजेचा रेडिओ ठोका किती वाजून किती मायक्रोसेकंदांनी पोचला, या फरकावरून. आमच्या हेडफोनमधली मोहरी तीच. जगभर पसरलेलं असंच एक जाळं तर थेट व्हीएलएफवर चालतं आणि त्याचे सेन्सर विद्यापीठांच्या गच्च्यांवर आहेत. चार कॉलेजांनी चार गच्च्यांवर चार बाजा उभ्या केल्या आणि जीपीएसनं घड्याळं जुळवली, तर आपल्यालाही विजेची जागा काढता येईल. अचूकता ‘दामिनी’एवढी येणार नाही. पण ती का येत नाही, हे ज्यांना कळेल ते पुढे ‘दामिनी’ सुधारतील.

आता धाकाच्या चार गोष्टी, संपादकीय गांभीर्यानं. पतंगाला तार बांधून उडवायची नाही. जर्मनीच्या मोकळ्या माळावर, हवामान बघून, परवानगीनं केलेली गोष्ट आपल्या अकरा केव्हीच्या तारांच्या जाळ्यात करायची नाही. संक्रांतीच्या मांजानं काय होतं ते आपण दरवर्षी वाचतो, तांब्याची तार तर त्याहून वाईट. ढग आले की बाज खाली, वायर बाहेर. वीज ऐकायची असते, बोलवायची नसते. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, त्यानं घरघरही कमी होते. आणि पाठवायचं असेल तर आधी परवाना. हॅमची परीक्षा केंद्र सरकारचं दूरसंचार खातं घेतं. वय १२ पूर्ण असलं की देता येते, व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीनं सुरू होणारं स्वतःचं नाव मिळतं. पण त्या परवान्यातही कोणते पट्टे दिलेत ते वाचा. ‘९ किलोहर्ट्झच्या खाली कुणाचं राज्य नाही’ ही युरोपातली पळवाट आपल्या कायद्यात आहे असं धरून चालू नका. नौदल, हवामान, पाणबुड्या, या पट्ट्यात थट्टा नाही.

ऐकण्यालाच इतकं काही आहे की पाठवायची घाई कशाला? फक्त जागा शोधावी लागेल. १९०४ मध्ये मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेला अलिबागला नवं घर बांधावं लागलं, कारण ट्रामच्या प्रवाहानं सुया थरथरणार होत्या. जीएमआरटीच्या तीस तबकड्या खोडदच्या परिसरात आल्या, त्याचं एक कारण तिथली रेडिओ-शांतता. त्याच जुन्नर तालुक्यात आज गच्चीवर बसलं तर घरघर ऐकू येते, एवढे चार्जर आपण लावलेत. तुमच्या शहरात तर विचारूच नका. होस्टेलच्या गच्चीवर प्रयत्न करून बघा, मग एखाद्या रविवारी एसटीनं शेवटच्या थांब्यापर्यंत जा, विजेच्या तारांपासून अर्धा-एक किलोमीटर आत चालत जा, आणि परत ऐका.

आमचा तिसरा दोस्त आता रोज रात्री लाइट जाण्याची वेळ वहीत लिहितो. काकूंनी त्याला सांगितलंय, बाज परत पाहिजे, पाहुणे येणार आहेत. त्यानं बांबूची चौकट बांधायला घेतलीय. २४ डिसेंबरला ग्रिमेटनचं जनित्र फिरेल तेव्हा १७.२ वर रेघ दिसते का, हे त्याला बघायचं आहे. १८.२ ची जाडजूड रेघ शेजारीच असणार, स्वीडन सहाएक हजार किलोमीटर लांब, आणि नेमक्या त्या दिवशी लाइट जाईलच याची खात्री नाही. कधी नव्हे ती महावितरणकडे काय विनंती करावी, हे त्याला सुचत नाहीये.